मधली चित्रं

बाबा पुन्हा पत्र्यावरच पडला.

पोरीने ओठ चावला. काकाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर फिल्म आपोआप पहिल्यापासून सुरू झाली. स्क्रीनवरचा बाबा पुन्हा गच्चीच्या कडेला उभा राहिला. तोंडभर पाणीदार डोळे, टोकदार केस, गळ्यात लांबलचक लाल मफलर. त्याचा पाय घसरला, हात वर गेले आणि तो भिंतीला घासत सरळ खाली, याच दुकानाच्या दारावरच्या पत्र्यावर आदळला. तिला तो पाडायचा होता पत्र्याच्या पलीकडे, रस्त्याकडेच्या विजेच्या खांबापाशी. खरा बाबा तिथेच पडला होता.

तेव्हा ती एवढीशी होती. तिला त्या दिवसातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. माहीत होतं ते सगळं काकाने सांगितलेलं. बाबा वर गच्चीत एकटाच पाटी रंगवत होता, काका खाली दुकानात रंग कालवत होता, वर पाय घसरला. आई त्यावर कधी बोलत नसे. फक्त घरातून बाहेर पडली की तो खांब टाळून, आधी रस्ता ओलांडून पलीकडून जाई.

म्हणून तर ही फिल्म. त्यात बाबा पडणार होता, पण जमिनीला टेकायच्या आत मफलरचे पंख होणार होते आणि तो खांबापाशी अलगद उभा राहणार होता. आईला ती दाखवायची. मग आई एकदा तरी त्या खांबाजवळून सरळ चालत जाईल, असं तिने मनाशी धरलं होतं. पंखांची चित्रं कधीच काढून झाली होती. पडणंच जमत नव्हतं.

"अगं ठमे, डोळे आहेत की परात?" मागून काका म्हणाला. "याला चष्मा करायचा तर खिडकीची काच काढावी लागेल."

ती खुदकन हसली. काका पाट्या रंगवणारा. बाबा गेल्यावर दुकानाच्या पाटीवरचं 'बंधू' त्याने स्वतःच्या हाताने पुसलं, पुढे ब्रश जाऊन कॉम्प्युटर आला, पण त्याचा हात चित्रकाराचाच राहिला. तिला पेन धरायला त्यानेच शिकवलं होतं. आधी वजन कुठे आहे ते बघ, मग रेघ ओढ. तो कधी रागावत नसे. फक्त चुकलेलं चित्र दिसलं की त्याचे हात शिवशिवत. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसला असताना त्याने भिंतीवरच्या पोस्टरमधल्या बाळाचा कान पेन्सिलने नीट करून ठेवला होता. नर्स ओरडली, तर म्हणाला, "अहो बाई, पण बाळाला ऐकू कसं येणार?"

"हा कोण तुझा हिरो?" त्याने आता विचारलं.

"बाबा."

काकाचं हसू जागच्या जागी राहिलं. तेवढ्यात पडद्यावरचा बाबा पत्र्यावर आदळला.

"दुसरं काहीतरी कर," तो म्हणाला. "मांजर कर. मांजराचं पडणं बघायला मजा येते."

"तूच म्हणतोस ना, पहिलं आणि शेवटचं चित्र पक्कं असलं की मधली सापडतातच? मग ही का सापडत नाहीत?"

पुसलेलं काउंटर काका पुन्हा पुसू लागला. बाहेरून एक ट्रक गेला. दारावरचा पत्रा थरथरला आणि बराच वेळ थरथरत राहिला.

"घसरलेला माणूस भिंतीलगतच पडतो, काका. एवढ्या लांब नाही जात."

"वारा असेल."

तिने वारा सोडून पाहिला. मफलर उडालं. बाबा पत्र्यावरच.

"ऊठ आता. आई वाट बघत असेल."

"एवढं झालं की जाते."

मग तिला एक युक्ती सुचली. फिल्म भरभर पळते, कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिने बाबाच्या पाठीमागे दोन हात काढले. नुसते हात, मनगटापर्यंत. माणूस नाहीच. तिने फिल्म चालवली. ताठ उभ्या बाबाच्या पाठीवर ते हात टेकले आणि बाबा पत्रा ओलांडून, खांबही ओलांडून थेट समोरच्या फुटपाथवर जाऊन पडला.

"अरे देवा. आता जास्तच झालं!" ती म्हणाली.

काउंटर पुसण्याचा आवाज थांबला होता. काका तिच्या खुर्चीमागे येऊन उभा होता. आता बोलणी बसणार म्हणून तिने मान खाली घातली. पण काका तिच्याकडे बघतच नव्हता. तो चित्राकडे बघत होता आणि त्याची बोटं आपोआप शिवशिवत होती.

"चुकलंय," तो म्हणाला. रोजचाच आवाज, न रागावणारा. "दे इकडे."

त्याने पेन घेतलं. एरवी तो आधी फिकट, अंदाजाच्या रेघा मारून बघे. आज त्याने अंदाज घेतलाच नाही. ताठ उभा बाबा त्याने पुसला आणि वाकलेला काढला. पायाशी रंगाचा डबा काढला, डब्याच्या कडीकडे गेलेली बाबाची बोटं काढली. मग मागच्या दोन हातांपैकी डावा हात पुसून टाकला.

"डबा उचलायला वाकला होता तो," रेघेवरची नजर न काढता काका समजावून सांगू लागला. "वाकलेल्या माणसाला दोन हात कशाला लागतात, ठमे? एक पुरतो."

फिल्म पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी बाबा बरोबर खांबापाशी पडला.