सातचा नेम

"एका डोळ्यात एकच थेंब. सकाळी सात म्हणजे सात. एक दिवसही खाडा नको." डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी असं बजावलं होतं आणि आईने ते देवाची आज्ञा पाळावी तसं पाळलं होतं. बाबांच्या डोळ्यांत औषध पडल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे.

म्हणूनच आज तपासणीच्या खोलीत मुलीला काही सुचेना. ती दोन दिवसांची रजा काढून आली होती.

"डोळ्यांतला दाब उतरायचं नाव घेत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजवा डोळा गेल्यात जमा. डाव्याची मधली नजर तेवढी उरलीय. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. औषध खरंच जातंय ना?"

"म्हणजे काय?" आईचा आवाज चढला. "घड्याळ चुकेल, मी नाही चुकायची."

"खरंय," बाबा हसले. ते जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. "मी लावलेली घड्याळं मागे पडली. ही नाही पडली."

"घरात आणखी कुणी डोळे तपासलेत का? हा आजार दुखत नाही, खुपत नाही. निम्म्या लोकांना तर पत्ताच नसतो."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत आई मुलीचा दंड घट्ट धरून उठली. "चला बाई. बाहेर गर्दी असेल."

बाहेर दोघी-तिघीच बसल्या होत्या.

घरी येईस्तोवर मुलीचा संशय पक्का झाला. औषधाची चुकवाचुकवी बाबांच्या अंगातच होती. खोकल्याचं औषध ते मोरीत ओतायचे, हे तिने लहानपणी पाहिलं होतं. आई स्वयंपाकघरात गेल्यावर तिने त्यांना कामाच्या टेबलापाशी गाठलं. ते एका घड्याळाची किल्ली बोटांनी चाचपत होते.

"बाबा, खरं सांगा. आईची पाठ वळली की तुम्ही थेंब टॉवेलने पुसता. आज दारातून पाहिलंय मी."

"पुसतो."

"अहो, आंधळे व्हाल! कसला हा हट्ट? तिने इतकं जपायचं आणि तुम्ही..."

"हळू." बाबांनी स्वयंपाकघराकडे कान दिला. "उद्या सातला खोलीत थांब. पण काहीही दिसलं तरी तिच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही. दे वचन."

तिने वचन दिलं. आता आपल्या हातात काही उरलं नाही, असंच तिला वाटलं.

सकाळी सातला बाबा पलंगावर उताणे झाले. दोन्ही डोळे त्यांनी टक्क उघडे धरले होते. आईने हात धुतले, क्षणभर जोडले, मग बाबांच्या कपाळावरून बोटं फिरवत ती वाकली आणि बाटली दाबली.

पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कानशिलावरून ओघळून उशीत गेला.

"पडले ना हो नीट?"

"बरोब्बर," बाबा म्हणाले.

आई पाणी प्यायली. "बघितलंस? दोन वर्षांत एक थेंब वाया गेला नाही. सांग जाऊन त्या डॉक्टरीणबाईंना."

"सांगते, आई," मुलगी म्हणाली आणि तिने हळूच चपला पायांत सरकवल्या.