मधली डबी

व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत विजेती म्हणून पडद्यावर बहीण-भावाच्या जोडीचं नाव झळकलं आणि ताई धावतच भावाच्या खेळायच्या आडोशात शिरली. तो वाकून घाईघाईनं वायर गुंडाळत होता. टेबलावर कंट्रोलर नुसताच पडलेला. मांडीवर माउस. माउसच्या वायरीला काडेपेटीएवढी काळी डबी जोडलेली.

ताई लिफ्ट दुरुस्त करायची. कुठली वायर कशासाठी, हे तिला सांगावं लागत नसे.

या नेमबाजीच्या खेळात माउसवाले आणि कंट्रोलरवाले एकमेकांविरुद्ध उतरत. अंगठ्यानं नेम धरणं अवघड, म्हणून कंट्रोलरवाल्याचा नेम खेळच जरासा लक्ष्याकडे ओढून देई. माउसला ती सवलत नव्हती. डबी माउसला कंट्रोलर म्हणून खपवत होती. हात माउसचा, सवलत कंट्रोलरची.

तिनं डबी उपसून मुठीत घेतली. "सकाळी पंचांपुढे घसा कोण फोडत होतं? 'आमच्या अंगठ्यांचा अपमान होतोय' म्हणून?"

"हळू बोल गं. सगळेच वापरतात."

"मी नाही वापरत."

"म्हणून तर मला वापरावी लागली."

वर तो हसला. ताईच्या अंगठ्यांवर सहा महिन्यांच्या सरावाचे घट्टे होते.

तेवढ्यात हरलेल्या जोडीतले मास्तर आत डोकावले. ते माउसनं खेळायचे. सकाळी सवलतीविरुद्ध तक्रार त्यांनीच केली होती.

"मी उगाच आकांडतांडव केलं," ते भावाला म्हणाले. "तुमचे अंगठे सोन्याचे आहेत हो. राग मानू नका."

"असू द्या, मास्तर," भावानं मोठ्या मनानं त्यांचा हात हातात घेतला. "हरल्यावर बोलतो माणूस काहीबाही."

मास्तरांनी खरंच मान खाली घातली.

ताईला ते बघवेना. ती तडक पंचांच्या टेबलाशी गेली. डबी ठेवली, गळ्यातलं ओळखपत्र काढून शेजारी ठेवलं.

"ही माझ्या भावाच्या माउसला होती. आमची जोडी बाद करा."

ती हात धुवायला निघाली, तर नळापर्यंत भाऊ मागे मागे आला. तोंड पांढरंफटक. आता तरी चूक कबूल करेल, म्हणून ती क्षणभर थांबली.

"ताई, निदान आईला तरी सांगू नकोस."

तिनं नळ सोडला. हात धुतले, नाकाशी नेले, आणि पुन्हा साबण घेतला.