उरलेला तुकडा

सुटे भाग जोडून करायचं शिडाचं लाकडी जहाज एकदाचं पूर्ण झालं, आणि खोक्यात बोटभर लांबीचा एक तुकडा उरला. चूक माझीच असणार. मी बायकोला हाक मारली.

"अगं, हा कुठला असेल?"

चष्मा लावून ती शेजारी बसली. "सुकाणूचा असेल."

सुकाणू सोडवलं. तिथला नव्हता. मग तिच्या सांगण्यावरून डोलकाठी काढली, अर्धं डेक उचकटलं. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर जहाज आणि आमची ताटं मांडीवर.

रविवारी मुलगी आली आणि तुकडा बघून हसतच सुटली. "बाबा, हा कपड्यांचा मोडका चिमटा आहे! फळ्या चिकटवताना तुम्ही लावले होतेत ना, त्यातला."

मी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"रोज कपडे मीच वाळत घालते. मला कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस? अख्खं जहाज खोललं मी!"

"एरवी पुस्तकात डोकं खुपसून बसता. आठवडाभर मला विचारल्याशिवाय एक काडी हलवली नाहीत. मी कशाला मोडता घालू?"

जहाज पुन्हा जोडलं, टेबल मोकळं झालं. ती टीव्हीसमोर बसली, मी पुस्तक उघडलं. चार पानं कशीबशी वाचली. मग गुपचूप उठलो आणि दोरीवरचा एक चिमटा काढून मोडला.

"अगं, जरा बघतेस? हा कुठला असेल?"

तिने टीव्ही बंद केला, चष्मा लावला आणि तुकडा उजेडात धरून नीट पाहिला.

"सुकाणूचा असेल," ती म्हणाली.