खिळ्यांची भिंत

पाचवी बाईसुद्धा आत आली, भिंतीकडं बघितलं आणि रिकामी पिशवी घेऊन निघून गेली. अर्पितानं पुढं केलेली टोपली तशीच हातात राहिली.

बाजाराचा दिवस. अख्खं भूम गाव माणसांनी फुललेलं आणि अंबादास किराणात चिटपाखरू नाही. दहावीची परीक्षा संपल्या संपल्या वडिलांशी, म्हणजे अप्पांशी, चार दिवस अबोला धरून तिनं दुकान बदलायला लावलं होतं. पोती गेली, चकचकीत रॅक आले. हवं ते आपल्या हातानं घ्या, एकदम शहरासारखं. मळकट पिशव्या टांगायचे भिंतीतले गंजके खिळे तर तिनं स्वतः उपटले. "खिळे राहू दे," एवढंच अप्पा म्हणाले होते. ती खळखळून हसली होती.

तेव्हापासून तीन बाजार कोरडे गेले. आजचाही तसाच गेला तर दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं देणार, असं अप्पांनी सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं.

तेवढ्यात मथुराबाई आल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनीही आधी भिंतच बघितली. अर्पिताचा पारा चढला.

"मावशी, भिंतीत काय ठेवलंय? समोर एवढा माल मांडलाय, घ्या की."

मथुराबाई रागावल्या नाहीत. स्टुलावर टेकून सांगू लागल्या. त्यांच्या गावच्या अकरा बाया एकाच एसटीनं यायच्या. इथं आपापल्या खिळ्याला पिशवी अडकवायची, काय काय भरायचं ते अप्पांना सांगायचं आणि बाजारात पांगायचं. परतताना भिंत बघायची. जिची पिशवी लटकतीय ती अजून बाजारात, तिच्यासाठी थांबायचं. भिंत रिकामी झाली की मगच स्टँडवर जायचं.

"मागल्या बाजारी पार्वतम्मा राहिली. आमाला वाटलं, बसली आसंल एसटीत म्होरं. सत्तरीची बाई, आठ किलोमीटर चालत आली."

काउंटरखालून अर्पितानं हातोडी काढली. खिळ्यांचा डबा शोधावा लागला नाही. अप्पांनी तो गल्ल्याशेजारीच ठेवला होता.

"पहिला तुमचा ठोकते, मावशी."

"माझा न्हाय, पार्वतम्माचा. आन् जरा खाली ठोक, तिचा हात वर पुरत न्हाय."