गल्लीचा धक्का

सिद्रामच्या पिकअपचा आल्टरनेटर जाऊन आठ महिने झाले होते. बॅटरी चार्जच होत नसे. रोज सकाळी गल्लीतले चौघे मागून धक्का मारत, तेव्हा कुठे ते डिझेल इंजिन खोकत खोकत जागं होई.

शेवटी सिद्रामलाच लाज वाटली. त्या चौघांतल्याच दस्तगीर मिस्त्रीकडून त्याने नवा आल्टरनेटर बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. रोजच्यासारखे धक्का मारायला बाह्या दुमडून आलेल्या बिराजदार गुरुजींचा चेहरा उतरला.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "धक्का मारून माझी शुगर मात्र आटोक्यात आली होती. डॉक्टरला वाटतं, मी योगासनं करतो."

तिसऱ्या दिवशी सिद्रामने किल्लीला हात न लावताच हाक मारली, "गुरुजी, गाडी परत बंद पडली की."

गुरुजी अनवाणीच धावत आले. "नवाकोरा पार्ट अन् दोन दिवसांत गेला? या दस्तगीरला कामच येत नाही."

सिद्रामने आरशात पाहिलं. गुरुजींच्या शेजारीच दस्तगीर गाडीला खांदा लावून उभा होता. आल्टरनेटर ठणठणीत आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"चुकलं माझं, गुरुजी," दस्तगीर म्हणाला. "मारा धक्का."