पुन्हा एकदा कांदेपोहे

गोळी घेऊन दहा मिनिटं झाली आणि निरंजनने समोर बसलेल्या बायकोला हात जोडून नमस्कार केला. अकरा वर्षांचा संसार त्याच्या डोक्यातून दोन तासांपुरता पुसला गेला होता. शनिवारी संध्याकाळी घरच्या घरी पुन्हा बघण्याचा कार्यक्रम करायचा, हे खूळ सध्या सगळ्याच जोडप्यांत होतं. दोघांनी गोळी घ्यायची, अनोळखी होऊन पोहे खायचे आणि गोळी उतरली की आपलंच बोलणं आठवून हसत सुटायचं.

हेमांगीने मात्र आपली गोळी मुठीतच ठेवली होती. खऱ्या कार्यक्रमात तो म्हणाला होता, "तुम्हाला एक सांगायचं होतं," आणि तेवढ्यात तिचे बाबा चहा घेऊन आले होते. ते वाक्य पुढे कधी पुरं झालंच नाही. विचारलं की म्हणायचा, "विसरलो गं."

निरंजनने बशी खाली ठेवली.

"तुम्हाला एक सांगायचं होतं."

आज आत कुणी येणार नव्हतं.

"माझं एका मुलीशी ठरलंय. आईला सांगायची हिंमत होत नाही. तुम्हीच नकार कळवा ना, प्लीज."

हेमांगीने मान हलवली. मग आठ वाजेपर्यंत तो ओझं उतरल्यासारखा मोकळेपणाने गप्पा मारत राहिला.

गोळी उतरली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हेमा, अगं, किती जुनं ते! आणि मघाशी गोळीमुळे तुलाही कुठे काही आठवत..."

तिने मूठ उघडली.

"पोहे गरम कर," ती म्हणाली. "मग मला तेच पुन्हा सांग आणि आता माझं उत्तर ऐक."

आणि तिने गोळी गिळली.