मनातल्या मनात

नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात रोज सकाळी पेपर एक, चष्मा एक आणि माणसं अकरा असत. चष्मा यादोरावांचा. ते मोठ्याने वाचत आणि उरलेले दहा जण प्रत्येक बातमीवर भांडत.

सोमवारी तपासणी होती. वीस वाचक दिसले नाहीत, तर वाचनालय बंद होणार होतं. एवढ्या गोंगाटात नवे वाचक येतील कसे, असं नव्या ग्रंथपाल दीप्तीला वाटलं. तिने पाच पेपर सुरू केले आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी लावली.

"काका, आता मनातल्या मनात वाचा."

"मनात वाचलं त या लोकाईले आयकू कसं येईन, पोरी?" यादोराव म्हणाले.

"आन् मंग आमी इथं कायले बसून राहिलो?" भागीरथाबाई उठल्याच.

सोमवारी दीप्तीने मोजलं. वाचनालयात पेपर पाच, वाचक शून्य.

समोरच्या पानठेल्यावर यादोराव एकच पेपर मोठ्याने वाचत होते. तिथे माणसं एकवीस, तपासणीचे साहेब धरून.